चिनी भाषक विद्यार्थी, पाठ असलेले हजारो शब्द आणि न उलगडणारा उतारा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवणाऱ्या एका ताईंना आता चिनी भाषक प्रौढांचा एक ऑनलाइन गट मिळाला आहे. सगळे आयईएलटीएसची, म्हणजे परदेशी शिकायला-राहायला जाण्यासाठीच्या इंग्रजी परीक्षेची, तयारी करतायत. शब्द भरपूर येतात, व्याकरणाचे पर्यायी प्रश्न चुटकीसरशी सोडवतात, पण उतारा समोर आला की गाडी अडते. लिहिताना ‘ऑलदो’च्या मागोमाग ‘बट’ येतोच. ताई विचारतात, अजून शब्द द्यायचे, की व्याकरण पुन्हा पहिल्यापासून घ्यायचं?

ताई, दोन्ही नको. तुमच्या गटाला क्रियापद ओळखायला शिकवा. हे ऐकून तुम्हाला वाटेल की ते तर पाचवीतलं पोर ओळखतं. आपलं पोर ओळखतं, कारण मराठी क्रियापद रूप बदलत राहतं. चिनी क्रियापद बदलत नाही. मी शांघायजवळ राहत असताना चिनी शिकले आणि ठाण्याला परतल्यावर चिनी भाषक प्रौढांना इंग्रजी शिकवू लागले. वाचनाच्या बहुतेक अडचणींचा माग काढत गेलं की मी याच एका गोष्टीपाशी येऊन पोहोचते.

आधी समोरचे लोक कुठून आले आहेत ते बघा. चीनच्या मुख्य भूमीवरच्या शाळांमध्ये 2001 पासून इंग्रजी साधारण तिसरीपासून शिकवतात. पुढे ‘गाओकाओ’ नावाची प्रवेश परीक्षा येते. तिच्यात इंग्रजीला 150 गुण. नव्या पद्धतीच्या पेपरात उताऱ्यांचे 50, गाळलेल्या जागांच्या दोन प्रकारांना मिळून 30, ऐकण्याचे 30 आणि लेखनाचे 40. शब्दांची अपेक्षा 3 हजारांच्या आसपास. महाविद्यालयात 1987 पासून चालू असलेली राष्ट्रीय इंग्रजी चाचणी असते, चौथी आणि सहावी पातळी. तिच्यात 710 पैकी 425 मिळाले म्हणजे सुटलो, असा रिवाज. एवढ्या परीक्षांमधून गेलेला माणूस शब्दांच्या याद्या घोटूनच तुमच्यापर्यंत आलेला असतो. याद्या वर्णानुक्रमाने असतात, म्हणून पहिला शब्द हमखास ‘अबॅन्डन’, म्हणजे सोडून देणे. पहिला शब्द पाठ केला आणि तिथेच सोडून दिलं, हा तिकडचा जुना विनोद आहे. तुम्ही वर्गात सहज ‘अबॅन्डन’ म्हणून बघा, सगळे हसतील.

गटात तैवानचं कोणी असेल तर त्याची वाट थोडी वेगळी असते. तिकडची मुलं लहानपणी रोमन अक्षरांऐवजी झुयिन नावाची 37 चिन्हं शिकतात. मुख्य भूमीवरची मुलं पहिलीपासून पिनयिन, म्हणजे रोमन लिपीतली चिनी, शिकतात. त्यामुळे त्यांना ‘क्यू’ आणि ‘एक्स’ या अक्षरांचे पिनयिनमधले उच्चार आधी आठवतात. सिंगापूरच्या चिनी माणसाला यात धरूच नका, तो शाळा इंग्रजीतूनच शिकलेला असतो.

आता मुद्द्यावर येते. हे वाक्य मी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिते:

‘द मेडिसिन्स गिव्हन टु पेशंट्स लिव्हिंग इन द टाउन्स फ्लडेड लास्ट यर केम फ्रॉम अ स्मॉल फॅक्टरी.’

यात एकही अवघड शब्द नाही. तरीही चांगला विद्यार्थी ते असं वाचतो: औषधांनी रुग्णांना दिलं, रुग्ण गावांत राहतात, गेल्या वर्षी पूर आला, छोट्या कारखान्यातून आले. कोण आलं? रुग्ण? पूर? तो घाबरतो, परत सुरुवातीला जातो आणि याच वाक्यावर दीड मिनिट घालवतो. आयईएलटीएसच्या वाचनाला 60 मिनिटांत तीन उतारे आणि 40 प्रश्न असतात. त्यात दीड मिनिट परवडत नाही.

तेच वाक्य मराठीत म्हणा: ‘गेल्या वर्षी पुरात बुडालेल्या गावांमध्ये राहणाऱ्या रुग्णांना दिलेली औषधं एका छोट्या कारखान्यातून आली.’ बुडालेल्या, राहणाऱ्या, दिलेली. ही क्रियापदं आता विशेषणाचं काम करतायत हे शेवटच्या प्रत्ययावरूनच कळतं. वाक्य पेलून धरणारं क्रियापद एकच, ‘आली’. चिनी माणसाच्या डोक्यातला क्रमही अगदी आपल्यासारखा असतो, सगळी विशेषणं नामाच्या आधी. ‘मी काल घेतलेलं पुस्तक’ हे चिनीत ‘मी काल घेणे-दे पुस्तक’ असं होतं. पण तिथे क्रियापदाला काही होत नाही, पुढे फक्त ‘दे’ हा छोटा शब्द लागतो. म्हणून इंग्रजीतलं ‘गिव्हन’ आणि ‘गेव्ह’ त्याला एकाच शब्दाच्या दोन वेगळ्या घड्या वाटतात. त्यातलं एक वाक्य पेलतं आणि दुसरं पेलू शकत नाही, हा भेद त्याच्या कानात नाही. ‘फ्लडेड’ तर भूतकाळासारखंच दिसतं. मग तो त्याला क्रियापद मानून मोकळा होतो.

इथे मराठी शिक्षकाच्या हातात एक आयतं हत्यार आहे, ते वापरा. आपले ‘-लेला’ आणि ‘-णारा’ जिथे येतात, तिथे बहुतेक वेळा त्यांचा ‘दे’ येतो. मी सांगते, ‘गिव्हन’, ‘लिव्हिंग’ आणि ‘फ्लडेड’ या तिन्हींच्या डोक्यावर पेन्सिलने ‘दे’ लिहा. लिहिलं की वाक्य आपोआप उलगडतं. क्रम तेवढा उलटा आहे, त्यांचं नाम शेवटी आणि इंग्रजीचं आधी.

पण ‘दे’ कुठे लिहायचा, हे ओळखायचं कसं? दोन चाचण्या पुरतात. पहिली, वाक्य उद्यावर ढकला. ‘द मेडिसिन्स गिव्हन टु पेशंट्स… विल कम.’ काळ बदलला तेव्हा जो शब्द बदलला, तोच मुख्य. बाकीचे तसेच राहिले. दुसरी चाचणी ‘फ्लडेड’सारख्या फसव्या शब्दांसाठी. त्या शब्दाचं काम आधीचं नाम स्वतः करतंय का? गावांनी पूर आणला का? नाही. मग हे वाक्याचं क्रियापद नाही, गावांचं वर्णन आहे. सुरुवातीला या चाचण्यांना वेळ लागतो. काही आठवड्यांत डोळा तयार होतो आणि मग चाचणीची गरजच उरत नाही.

तिकडचे शिक्षक लांब वाक्यांवर कमी मेहनत घेत नाहीत, हेही सांगते. ‘चांगनानज्यू’, म्हणजे लांब-अवघड वाक्य, असा त्यांचा स्वतंत्र विषयच आहे. त्यावर जाडजूड पुस्तकं आहेत. पण त्यांत वाक्याची चिरफाड होते: हा कर्ता, हे कर्म, हा अमुक प्रकारचा उपवाक्यखंड. विद्यार्थी प्रत्येक तुकड्याचं नाव बिनचूक सांगतो आणि वाक्याचा अर्थ सांगताना गोंधळतो. म्हणून मी नावं विचारतच नाही. मी विचारते, ‘काय आलं? कुठून?’ उत्तर दोन-तीन शब्दांत आलं पाहिजे. आलं तर पुढे जायचं.

याच मुळातून लेखनातली एक चूक येते, ती तुम्ही पाहिली असेलच: ‘देअर आर मेनी पीपल लाइक टी.’ चिनीत ‘आहेत बरीच माणसं आवडणे चहा’ हे शुद्ध वाक्य आहे. इंग्रजीत मात्र दोन क्रियापदं एकाच वाक्यावर हक्क सांगतात. वाचनातली क्रियापदाची चाचणी पक्की झाली की ही चूक बरीच आपोआप गळते. वेगळा धडा मी घेत नाही.

आता ‘ऑलदो… बट’. चिनीत ‘सुइरान… दानश’ आणि ‘यिनवेइ… सुओयी’ अशा जोड्या असतात, म्हणजे जरी… तरी आणि कारण… म्हणून. एक शब्द आला की दुसरा यायला हवा, असं त्यांच्या कानाला वाटतं. आपल्यालाही वाटतं! ‘जरी पाऊस होता, तरी तो आला’ म्हणणारे आपण. पुण्याच्या अकरावीत ‘ऑलदो… स्टिल’ किती वेळा खोडलंत, आठवून बघा. इंग्रजीला जोडी चालत नाही, एकच ठेवायचा, एवढंच सांगायचं. त्याचं कारण शोधत बसू नका, तासभर जातो आणि हाती काही लागत नाही.

वाचताना मात्र या जोडीचा एक वेगळा त्रास होतो. ‘दो’ किंवा ‘वाइल’ने वाक्य सुरू झालं की चिनी वाचक पुढच्या ‘बट’ची वाट बघतो. तो येत नाही, आणि कुठल्या अर्ध्या भागात लेखकाचा खरा मुद्दा आहे ते निसटतं. मी दोन रंग वापरते. ‘वाइल’च्या भागाला फिका, उरलेल्याला गडद. लेखकाचं मत गडदात. परीक्षेत ‘लेखकाला काय म्हणायचं आहे’ हा प्रश्न गडदावरच येतो.

‘अ’ आणि ‘द’ यांचं काय? आपल्याकडेही ती नाहीत, तेव्हा शिकवायचं ओझं वाटतं. पण चिनी माणसाला निश्चित-अनिश्चितची जाण नाही असं समजू नका. त्यांच्याकडे ते काम जागा करते. ‘के लाय ले’ म्हणजे ज्यांची वाट बघत होतो ते पाहुणे आले. ‘लाय के ले’ म्हणजे कोणीतरी पाहुणे आलेत. फक्त पाहुण्यांची जागा बदलली. ही दोन वाक्यं फळ्यावर लिहून मी विचारते, ‘यातल्या कशाला द आणि कशाला अ?’ सगळेच चटकन बरोबर सांगतात. मग वाचनात हाच दिवा लावायचा. उताऱ्यात ‘अ’ दिसला की नवीन माणूस किंवा वस्तू आली, आणि ‘द’ दिसला की हे आधी कुठे आलं होतं ते वर शोधा. ‘द’चे सगळे नियम शिकवण्यापेक्षा वाचनात ही एक सवय कितीतरी जास्त उपयोगी पडते. लेखनात चुका राहतील. राहू देत.

इंग्रजी लेखक एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वेगळ्या नावाने सांगतो, त्याचाही विचार करा. आधी ‘द कंपनी’, मग ‘द फर्म’, मग ‘द मेकर’, शेवटी ‘इट’. चिनी लेखनात तेच नाम परत लिहायला किंवा सरळ गाळायला कोणाची हरकत नसते. म्हणून विद्यार्थ्याला वाटतं, चार वेगळ्या संस्था आल्या. शिवाय बोलताना तो, ती, ते या सगळ्यांना चिनीत ‘ता’. लिहिताना चिन्हं वेगळी असतात, पण कानात एकच. म्हणून हुशार माणूसही आपल्या आईबद्दल बोलताना ‘ही’ म्हणून जातो. वाचताना तो ‘ही’ आणि ‘शी’कडे नीट लक्ष देत नाही आणि कोण कोणाला म्हणालं, यात घसरतो. माझा सराव साधा आहे. एका परिच्छेदातली एकाच व्यक्तीची सगळी नावं आणि सर्वनामं गोल करून रेघेने जोडायची. उत्तर नंतर. वीस मिनिटं खर्च होतात, पण याइतका फायदा दुसऱ्या कशाचा मला दिसलेला नाही.

स्वल्पविरामाचं एका वाक्यात: चिनीत स्वल्पविरामाने पूर्ण वाक्यं एकामागोमाग जोडत नेता येतात, म्हणून इंग्रजीतही ते तसंच लिहितात आणि वाचताना प्रत्येक स्वल्पविरामानंतर नवीन विधान सुरू झालं असं धरतात.

शब्दांकडे येते, कारण तुमचा गट तिथेच अभिमानाने उभा असेल. आपल्या मुलांशी त्यांची तुलना करूच नका. आपल्याकडे खेड्यातलं मूलही शाळेत जायच्या आधी टेबल, मोबाइल, डॉक्टर, स्टँड, तिकीट, हॉस्पिटल बोलत असतं. ही शिदोरी आपल्याला दिसतच नाही. चिनी भाषेत उसने शब्द आहेत, काफेइ (कॉफी), शाफा (सोफा), चाओकेली (चॉकलेट), पण मोजके. नवीन वस्तू आली की ते आपल्याच शब्दांनी नाव बनवतात. संगणक म्हणजे ‘विजेचा मेंदू’, रेल्वे म्हणजे ‘आगगाडी’. इथे आपल्या आजीचं त्यांच्याशी चांगलं जमलं असतं. त्यामुळे जवळपास प्रत्येक इंग्रजी शब्द त्यांना शून्यातून पाठ करावा लागतो, आणि तो पाठ होतो एका चिनी अर्थासकट, एकास एक.

एकास एक या सवयीतून दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे शब्दाची जात. चिनीत ‘चंगगोंग’ म्हणजे यश, यशस्वी होणे, यशस्वी आणि यशस्वीपणे, सगळं. म्हणून ‘आय विल सक्सेस’. ‘फाजान’ म्हणजे विकास आणि विकसित होणे. परीक्षेत कंसात शब्द देऊन योग्य रूप विचारलं तर ते बरोबर लिहितात, कारण तिथे रूप विचारलं आहे हे माहीत असतं. स्वतः लिहिताना विसरतात. दुसरं म्हणजे शब्दांच्या जोड्या. चिनीत ‘मोठा पाऊस’ पडतो, ‘ज्ञान शिकतात’, औषध ‘खातात’, पुस्तक ‘बघतात’. ‘कान’ हे एकच क्रियापद बघणे, वाचणे आणि दूरदर्शन बघणे सगळ्याला चालतं. ‘ज्ये’ म्हणजे उसनं घेणंही आणि देणंही. म्हणून ‘बिग रेन’, ‘लर्न नॉलेज’, ‘ईट मेडिसिन’.

यावर उपाय एकच: वहीत सुटा शब्द लिहायला बंदी. ‘रेन’ लिहायचा तर ‘हेवी रेन’. ‘सजेस्ट’ लिहायचा तर पुढे काय येतं त्यासकट. चिनी अर्थ लिहू नका असं सांगू नका. ते लिहिणारच, लपून लिहितील. पुढे आणखी एक रकाना काढायला लावा, ‘हा शब्द कोणाबरोबर आला’. उताऱ्यातलाच तुकडा तिथे उतरवायचा.

प्रत्ययांचा धडा मात्र त्यांच्यासारखा पटकन आपल्याही मुलांना जमत नाही, कारण शब्द जोडून शब्द करायची त्यांना जन्मापासून सवय असते. मानसशास्त्र ‘शिनलीश्वे’, जीवशास्त्र ‘शंगवूश्वे’. शेवटचं ‘श्वे’ म्हणजे आपलं ‘शास्त्र’ आणि इंग्रजीचं ‘-लॉजी’. हे एकदा दाखवलं की मग एका तासात ‘-लॉजी’, ‘-लेस’, ‘-प्रूफ’, ‘मिस-’ असे दहा-बारा तुकडे घेता येतात आणि टिकतात. नवीन यादी द्यायचीच असेल तर या तुकड्यांची द्या.

आकड्यांचंही पाच मिनिटांत उरकून टाका, कारण आयईएलटीएसच्या उताऱ्यांत आकडे असतात. चिनीत हजारानंतरची एकके ‘वान’, म्हणजे 10 हजार, आणि ‘यी’, म्हणजे 10 कोटी. आपल्यासारखंच, मिलियन त्यांनाही परका. ‘30 मिलियन’ म्हटलं की आपण मनात 3 कोटी करतो आणि ते 3 हजार वान. दोघंही शून्यं मोजत बसतो. मिलियन म्हणजे 100 वान आणि बिलियन म्हणजे 10 यी, हे दोन आकडे पाठ करून घ्या.

वाचायला काय द्यायचं? तिकडे वाचनाच्या दोन पद्धतींना दोन नावं आहेत, ‘जिंगदू’ म्हणजे शब्दन् शब्द उलगडून वाचणं आणि ‘फानदू’ म्हणजे भराभर पुष्कळ वाचणं. तुमच्या गटाने आयुष्यभर पहिलंच केलं असेल. वर सांगितलेलं वाक्य उलगडणं हे जिंगदू, त्याला तासाचा अर्धा वेळ. उरलेल्या अर्ध्यात सोपं वाचन हवं, खरोखर सोपं. शंभर शब्दांत दोन-तीनपेक्षा जास्त अनोळखी शब्द असतील तर तो मजकूर बाजूला ठेवा. त्यांना कमीपणा वाटेल. परीक्षेपेक्षा सोपं वाचणं म्हणजे वेळ वाया घालवणं, असं काही जण तोंडावर सांगतील. घड्याळ लावा. सोप्या मजकुरावर मिनिटाला किती शब्द वाचले ते त्यांनीच लिहून ठेवायचं. आकडा वाढताना दिसला की कुरकुर बंद होते.

‘ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन’, म्हणजे दिलेलं विधान उताऱ्याप्रमाणे खरं, खोटं की उताऱ्यात सांगितलेलंच नाही, या प्रश्नप्रकाराबद्दल तुम्ही वेगळं विचारलं आहे. तिथे सवय नडते. शालेय परीक्षेसाठी प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि त्याच्या आजूबाजूला उत्तर मिळवायचं, हे त्यांच्या हातात बसलेलं असतं. इथे तोच शब्द मुद्दाम ठेवलेला असतो. समजा उताऱ्यात आहे, ‘पुरानंतर नदीकाठचे बहुतेक कारखाने बंद झाले.’ विधान आहे, ‘पुरामुळे कारखाने बंद झाले.’ शब्द जुळतात म्हणून ते ‘ट्रू’ करतात. ‘नंतर’ म्हणजे ‘मुळे’ नव्हे. कारण उताऱ्यात दिलेलंच नाही, म्हणून ‘नॉट गिव्हन’. या प्रश्नात विधानातली क्रियापदं आणि संबंध दाखवणारे शब्द तेवढे अधोरेखित करायला लावा. नामं अधोरेखित करायची नाहीत. नामं जुळतातच.

दोन किरकोळ पण कामाच्या गोष्टी. तुम्ही ‘डोन्ट यू अंडरस्टँड?’ विचारलंत आणि समोरून ‘येस’ आलं, तर त्याचा अर्थ ‘हो, नाही कळलं’ असा असू शकतो. आपणही मराठीत असंच उत्तर देतो, त्यामुळे तुम्हालाच ते जाणवणार नाही. नकारार्थी प्रश्न टाळा. आणि ‘कळलं का?’ हाही प्रश्न टाळा. शिक्षकाला लाओशी म्हणणारी ही मंडळी लाओशीला वाईट वाटू नये म्हणून ‘कळलं’च म्हणतात. त्याऐवजी ‘मुख्य क्रियापदावर बोट ठेवा’ म्हणा, किंवा स्क्रीनवर खूण करायला लावा.

आपल्या इंग्रजीतलं ‘प्रीपोन’ आणि ‘डू द नीडफुल’ त्यांच्या याद्यांत नसतं, ते वर्गाबाहेर ठेवा.

पुढे शाळकरी मुलांचे वर्ग घ्यायचा विचार असेल, तर मुख्य भूमीबाबत आधी नियम बघा. जुलै 2021 च्या नियमांनी परदेशात राहणाऱ्या शिक्षकांकडून शाळकरी मुलांना असं ऑनलाइन शिकवून घ्यायला मनाई केली. प्रौढांचा गट आहे तर चिंता नाही. वेळ ठरवताना लक्षात असू द्या, ते आपल्या अडीच तास पुढे आहेत. त्यांचे रात्रीचे साडेआठ म्हणजे आपले संध्याकाळचे सहा. कामावरून येऊन जेवून ते तेव्हाच बसतात. पहिले चार-पाच तास फक्त क्रियापद आणि गोल करून जोडायच्या रेघा घ्या. मग एक पूर्ण उतारा वेळ लावून द्या आणि कोण कुठल्या वाक्यावर थांबलं तेवढं टिपून ठेवा. पुढच्या आठवड्याचा अभ्यासक्रम त्या वाक्यांतूनच काढा.